बोलत्या बेंजोचं बटण

ईशान, मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशानने मला त्याच्या टेबलावरचा सिंथेसायझर दाखवला, शेजारचं गिटारचं पेडल दाखवलं आणि दोघांमधली वायर दाखवली. मग म्हाताऱ्या माणसाला बँकेचा ओटीपी समजावतात तशा जपून काढलेल्या आवाजात तो म्हणाला, "आजी, याला कंट्रोल व्होल्टेज म्हणतात."

मी म्हटलं, "बरं."

"पण वायर लावल्यापासून पेडल बंदच पडलंय."

"पडणारच," मी म्हटलं. पुढे काही सांगणार तेवढ्यात तुमच्या आईने जेवायला हाक मारली, आणि तुमच्याकडे जेवणाच्या वेळेला इतकी शिस्त आहे हे पाहून मला बरं वाटल्यामुळे मी गप्प बसले.

त्याच आठवड्यात इथल्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, तुमच्या दुरुस्तीच्या कामाबद्दल लिहा. फक्त तांत्रिक नको." म्हणजे डॉक्टरने आठवणी लिहाव्यात, पण त्यात आजार नको. तेव्हा मी ठरवलं की दोन्ही कामं एकाच लेखात उरकायची. संपादकांना माणसं मिळतील आणि ईशानला त्याचं पेडल का मेलं ते कळेल. मीराला मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून शक्य तिथे वाक्यं लहान ठेवते.

माझं दुकान अलिबागेत होतं हे तुम्हाला माहीत आहे. शिक्षण मुंबईत, इंग्रजी शाळेत, मग इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. लग्न होऊन इथे आले तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "छान, म्हणजे शिकवण्या घेता येतील." मी वायरी डागायची सोल्डरिंग गन हातात घेतली. सुरुवातीला लोक रेडिओ घेऊन यायचे आणि विचारायचे, "साहेब आहेत का?" साहेब कोर्टात कारकून होते आणि घरचा बल्बसुद्धा मलाच बदलावा लागे. हळूहळू लोकांना सवय झाली. पुढे कोळीवाड्यातले लोक मला नुसतं 'बाय' म्हणू लागले. ती इकडची आदराची हाक आहे.

समुद्रकाठच्या दुरुस्तीचं एक वेगळंच शास्त्र आहे. बिघाड निम्म्या वेळा खाऱ्या हवेचा असतो आणि उरलेल्या निम्म्या वेळा खाऱ्या हवेवर केलेल्या उपायाचा. कोळी माणूस होडीवरच्या प्रत्येक धातूला काही ना काही चोपडतो. इंजिनाला ग्रीस, कोयत्याला तेल, कडीकोयंड्याला खोबरेल. लोखंडासाठी ते बरोबरच आहे. पण तीच माया तो कीबोर्डच्या पिनेला दाखवतो. पिनेत वीज जायला धातूला धातू स्वच्छ टेकावा लागतो, मध्ये तेल आलं की खरखर सुरू. मी दुकानात मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'आत तेल घालू नये.' एकाने ती वाचून विचारलं, "मग बाय, तूप चालंल?"

तळा गावच्या एका भजनी मंडळाचा कीबोर्ड यायचा. त्याचा एकच सूर अडकायचा, आणि नेमका आरतीच्या वेळी. उघडला तर आत प्रसादाचे साखरफुटाणे, आणि ते न्यायला आलेल्या मुंग्यांचं वारूळ. मी साफ करून दिला. पुढल्या वर्षी पुन्हा तेच. बुवा म्हणाले, "देवाचं वाद्य आहे, नैवेद्य दाखवावाच लागतो." मी सुचवलं की नैवेद्य ताटलीत दाखवावा. त्यांनी मान्य केलं, पण मी धर्माच्या कामात लुडबूड केली असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण मला सांगायची आहे ती धर्माची गोष्ट. धर्मा हे माणसाचं नाव आहे.

आमच्या शेजारच्या कोळीवाड्यात धर्मा बेंजो वाजवायचा. तुमच्या तिकडचा बँजो वेगळा. आमचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. तारांखाली आवाज टिपणारा पिकअप लावून तो अँपला जोडतात, आणि मग एक बेंजो सगळ्या पाड्याला ऐकू जातो. हळद आणि वरात बेंजो पार्टीशिवाय होत नाही. पार्टीत ढोलकी, कीबोर्ड, ताशा असतो, पण नवरीच्या बापाचा पहिला प्रश्न असतो, "बेंजोवर कोन हाय?"

धर्माची खासियत म्हणजे त्याचा बेंजो बोलायचा. त्याच्या पायाखाली गिटारचं एक पेडल असे. पाय पुढे दाबला की आवाज उघडतो, मागे आणला की मिटतो, जसं आपण 'वा' म्हणताना तोंड उघडतो आणि 'ऊ' म्हणताना मिटतो. ताल धरून पाय हलवला की तारा 'वाव, वाव' करू लागतात. गिटारवाले ते कधीमधी वापरतात. धर्मा त्यातून सासूचे टोमणे वाजवायचा, रुसलेली नवरी वाजवायचा, मासळीचा लिलाव वाजवायचा. लोक हळदीत नाचायचं थांबवून हसायचे.

एका सकाळी धर्मा दुकानापुढे रिक्षातून उतरला तो उजव्या पायाला प्लास्टर घालून. सोबत बायको यमुना, डोक्यावर मासळीची रिकामी पाटी. बाजार उरकून तशीच आली होती.

"बाय, पाय गेला," धर्मा म्हणाला.

"पाय हाय," यमुना म्हणाली. "इंजिन घसरला पायावर. मी बोलत व्हते दोघांनी उचला. पन ह्यो एकटाच बाहुबली."

दुखणं पायाचं नव्हतंच. काशीदला धर्माच्या बहिणीच्या मुलीची हळद होती. भाचीच्या हळदीत मामाने बेंजो वाजवायचा हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. पण पार्टीचा म्होरक्या जनू, जो कीबोर्ड वाजवायचा आणि धर्माचा चुलतभाऊ होता, त्याने रेवसहून दुसरा बेंजोवाला ठरवायला घेतला होता. जनूचं म्हणणं एवढंच, की लोक बोलता बेंजो मागतात, मुका नव्हे. आणि कोळीवाड्यात अशी जागा एकदा दुसऱ्याला दिली की परत मागता येत नाही. धर्माने मला हे सांगितलं तेव्हा तो पेडल मांडीवर घेऊन बसला होता, आजारी कोंबडं धरावं तसं.

"बसून डाव्या पायाने वाजव," मी म्हटलं.

"वाजवला. डाव्या पायाला तालच न्हाय, बाय. आनि जनू बोलला, बसून काय वाजवतंस, मयताला आलंस काय."

हात दोन्ही गुंतलेले, उजवा पाय प्लास्टरमध्ये, डावा बिनकामाचा. पेडल हलवायला धर्माकडे अवयवच उरला नव्हता. "दातान धरू काय?" त्याने विचारलं, आणि तो ते गंभीरपणे विचारत होता.

आता इथे दुसरा माणूस येतो. विराज नावाचा एक तरुण शनिवारी सकाळी मुंबईहून रो-रो बोटीने गाडी घेऊन यायचा आणि रविवारी जायचा. त्याचं अलिबागजवळ घर होतं, आणि त्या घरात जाहिरातींसाठी संगीत करायचा एक मोठा सिंथेसायझर. हा पट्ट्यांचा नव्हे. कपाटासारखी एक चौकट, तिच्यात वेगवेगळे कप्पे, प्रत्येक कप्प्यावर बटणं आणि भोकं, आणि एका भोकातून दुसऱ्या भोकात वायरी लावून आपणच आवाज घडवायचा. खाऱ्या हवेने त्याची भोकं गंजली आणि तो माझ्याकडे आला. महिनाभर तो सिंथ माझ्या टेबलावर होता, आणि धर्मा आला तेव्हाही तिथेच होता. मी त्याच्या प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली. विराज म्हणाला, "आंटी, हे तर लायब्ररीसारखं दिसतंय." मी ते कौतुक म्हणून घेतलं.

ईशान, आता नीट वाच. त्या यंत्रात दोन प्रकारची वीज फिरते. एक म्हणजे आवाज, जो शेवटी स्पीकरमधून ऐकू येतो. दुसरी ऐकू येत नाही. ती फक्त दुसऱ्या कप्प्याला सांगते, आता वर जा, आता खाली ये. तेच तुझं कंट्रोल व्होल्टेज. तो सूर नव्हे, बटण फिरवणारा हात आहे. व्होल्टेज वाढलं की अदृश्य हाताने बटण पुढे फिरवलं, कमी झालं की मागे.

आणि तुझं पेडल मेलं ते दोन कारणांनी. पेडलच्या त्या भोकात तीन जागा असतात. एका जागेतून पेडल स्वतःचं थोडं व्होल्टेज बाहेर पाठवतं, दुसरीतून ते हवं तेवढं परत घेतं, तिसरी जमीन, म्हणजे अर्थ. तू दोन जागांची साधी पिन खुपसलीस, त्यामुळे पाठवणारी जागा थेट जमिनीला टेकली. वर तुझा सिंथ दहा व्होल्टपर्यंत देतो आणि पेडलची अपेक्षा पाचाच्या आतली. पाहुण्याला चहा विचारायचा सोडून तू त्याच्या तोंडात किटली ओतलीस.

धर्माच्या पायाऐवजी मला हाच अदृश्य हात हवा होता, पण त्याच्या जुन्या पेडलला तर तसं भोकही नव्हतं. मी त्यातला फिरणारा भाग काढला आणि जागी एक छोटा तुकडा लावला, ज्याच्यावर उजेड पडला की वीज जास्त जाते आणि अंधार झाला की अडते. त्याच्यासमोर एक बारीक दिवा. दोघांना काळ्या नळीत बंद केलं, म्हणजे बाहेरचा उजेड आत जायला नको. सिंथचं व्होल्टेज, मध्ये वीज आवरणारा एक रेझिस्टर घालून, फक्त तो दिवा लहानमोठा करणार. सिंथ आणि पेडल एकमेकांना शिवणारच नाहीत. विराजचा महागाचा सिंथ आणि धर्माचं खोबरेल यांच्यात मला ही भिंत हवीच होती.

विराजची परवानगी मी फोनवर मागितली.

"आंटी, ऑफकोर्स," तो म्हणाला. "कॉन्सर्ट आहे का?"

"हळद आहे. काशीदला."

त्याने तारीख विचारून घेतली. मग तो म्हणाला, "मी पण येतो." तो संगीतासाठी येत नव्हता, राखण करायला येत होता, हे मला समजलं.

दुकानात पहिली चाचणी झाली. सिंथमध्ये एक कप्पा असतो जो व्होल्टेज आपलं आपण वर-खाली करत राहतो, झोपाळ्यासारखं. मी तो दिव्याला जोडला. धर्माने कुबडी काखेत धरून तारा छेडल्या आणि बेंजो बोलला. 'वाव, वाव, वाव.' धर्मा रडायच्या बेतात आला. जनू हाताची घडी घालून दारात उभा होता. तो सोबत आणलेल्या ढोलकीवाल्याला म्हणाला, "ढोलकी लाव."

ढोलकी लागली. हळदीचा ताल एका जागी राहत नाही. सुरुवात संथ, मग बायका नाचायला उतरल्या की चढतो, मग आणखी चढतो. ढोलकीवाला चढला, धर्मा चढला, आणि माझा झोपाळा मात्र ठरलेल्या गतीनेच हलत राहिला. ताल घाटावरून धावत सुटलेला आणि 'वाव' मागून काठी टेकत येतोय.

"बाय," जनू म्हणाला, "मशीन चांगली हाय. पन सरकारी हाय."

मी अपमान गिळला आणि दुसरा कप्पा शोधला. सिंथमध्ये असा एक कप्पा असतो जो बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याच्या जोराप्रमाणे व्होल्टेज देतो. ढोलकीसमोरचा माइक मी त्याला जोडला. आता ढोलकीची थाप पडली की व्होल्टेज उसळे, दिवा उजळे, बेंजो तोंड उघडे. थाप विरली की तोंड मिटे. ढोलकी पळाली तर बेंजोही पळणार. जनूने घडी सोडली. ढोलकीवाला खूश झाला, कारण आता बेंजो त्याच्या हुकमात होता. मला वाटलं, काम झालं.

पण ते थांबेना. प्रत्येक थापेला 'वाव'. कडव्याला 'वाव', कडव्यांच्या मध्ये 'वाव', ढोलकीवाल्याने तपासायला बोट आपटलं तरी 'वाव'. बांधून ठेवलेल्या बोकडासारखं. धर्मा पायाने करायचा तेव्हा मुख्य गंमत न बोलण्याची असे. चार ओळी सरळ, आणि पाचवीला नेमका टोमणा.

यमुना इतका वेळ पाटीवर बसून बोंबलाचे भाव फोनवर सांगत होती. तिने फोन बाजूला धरला. "याला तोंड दिलंव, बाय. पन गप बसवनारा कोन?"

ही दुकानात त्या दिवशी बोललेली सर्वांत तांत्रिक गोष्ट होती. मी साबणाच्या एका गुलाबी डबीत व्होल्टेज कमी-जास्त करणारं बटण बसवलं आणि ते लांब वायरीने सिंथ आणि दिव्याच्या मध्ये घातलं. बटण बंद, तर ढोलकी कितीही बोंबलो, बेंजो सरळ. उघडलं, की बोलला. अर्धं उघडलं तर पुटपुटला. आता प्रश्न एकच होता, डबी धरणार कोण? धर्माचे हात गुंतलेले. ढोलकीवाल्याचे गुंतलेले. जनूचे गुंतलेले.

यमुनाने डबी उचलली. धर्माने तारा छेडल्या. तिने त्याच्याकडे न बघताच पाचव्या ओळीला बटण फिरवलं, आणि बेंजोने असा टोमणा मारला की ढोलकीवाला वाजवायचा थांबला.

"तुला कसं ठावं, कवा फिरवायचा?" धर्माने विचारलं.

"घरान रोज तेच वाजवतंस. मी काय बहिरी हाय?"

यावर मोठी सभा भरली. जनूला बाई पार्टीत नको होती, कारण आजवर नव्हती. त्याला मी समजावू शकले असते. पण खरा विरोध धर्माचा होता. तो म्हणाला, "वाजवनार मी, आनि बटन हिच्या हातान? काशीद काय बोलंल?"

"काशीद बोलंल रेवसचा बेंजोवाला बरा व्हता," यमुना म्हणाली. "मामा खुर्चीवर बसून जेवतोय आनि परका मानूस भाचीला नाचवतोय. तो चालंल?"

धर्माने कुबडीने प्लास्टरवर दोनदा टकटक केलं. मग म्हणाला, "तू मंडपाच्या मागं बस. दिसू नको." यमुनाने डबी पाटीत ठेवली आणि वर केळीचं पान झाकलं. रेवसच्या माणसाला जनूने अजून नाही म्हटलेलं नव्हतं. त्याचं म्हणणं, काशीदला पहिली दोन गाणी बघू, तोवर रेवसवाला अंगणात वडे खात बसेल.

काशीदला आम्ही दिवेलागणीला पोचलो. विराज त्याच्या गाडीत सिंथ मागच्या सीटवर पट्टा लावून घेऊन आला होता, आणि पांढरा सदरा घालून. हळदीला पांढरा सदरा घालून येणाऱ्या माणसाबद्दल मी काही बोलले नाही. तो मंडपात शिरताच दोन मावश्यांनी त्याला पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तो पिवळा होता. सिंथवर मात्र तो छातीने आडवा झाला. तेवढा भाग पांढरा राहिला.

आधी धवलारीण बाईंनी धवले, म्हणजे लग्नविधीची जुनी गाणी, म्हटली. त्यांचं संपलं की बेंजो सुरू व्हायचा. चिठ्ठ्या बघून पार्टीतल्या पोरांनी सगळं जोडलं, मी दिवा तपासला, आणि धर्माला म्हटलं, वाजव. काहीच नाही. बेंजो वाजत होता पण बोलत नव्हता. यमुना मंडपाच्या कनातीमागून डबी फिरवत होती, ढोलकीवाला थापा मारत होता, आणि मध्येच 'वा' येई आणि अर्ध्यात तुटे. जनूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा अंगणाकडे, जिथे रेवसवाल्याने बोटं पुसायला घेतली होती.

मी डबीची पिन ओढली. ती माझ्या बोटांतून निसटली. तिला ग्रीस होतं. पिवळं, होडीच्या इंजिनाचं, उत्तम प्रतीचं ग्रीस. पिनेला होतं, भोकात होतं, सगळ्या सांध्यांना होतं.

"धर्मा," मी शांतपणे विचारलं, "हे काय आहे?"

"काशीदची हवा लई खारी, बाय. म्हनून सकाली लावला." त्याच्या आवाजात इतका जिव्हाळा होता की मला रागावता येईना. त्याने आपल्या होडीला लावतो ते सगळ्यात चांगलं ग्रीस लावलं होतं.

माझी सफाईची बाटली दुकानात, शिस्तीत, तिच्या जागेवर होती. मी यमुनाला म्हटलं, "मला दारू हवी. जी सगळ्यात कडक आणि पाण्यासारखी स्वच्छ असेल ती. ताबडतोब."

कनातीमागे बायकांची कुजबुज झाली. मग एक म्हातारी म्हणाली, "दे गं तिला. शिकली-सवरली हाय, तिला पन घोर असतान." बातमी मंडपातून पुढे गेली. मिनिटभरात माझ्यासमोर तीन ग्लास, एक बाटली आणि उकडलेली अंडी आली. मी एकीच्या कानातल्या कापसाची मागणी केली तेव्हा त्यांना माझी खरोखर काळजी वाटू लागली.

काडीला कापूस गुंडाळून, दारूत बुडवून मी एकेक भोक आणि पिन पुसली. खरं काम पुसण्यानेच झालं, दारूने फक्त हात दिला. तिच्यात पाणीही असणारच, म्हणून मी नवरीला सजवणाऱ्या मुलीकडून केस वाळवायचं यंत्र घेतलं आणि सगळं कोरडं केलं. विराज सिंथवर आडवा पडल्या पडल्या हे बघत होता. "आंटी," तो म्हणाला, "हे मी कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल?" मी त्याला म्हटलं, बटण क्रमांक तीन धरून ठेव आणि बोलू नकोस.

धर्माने पुन्हा सुरुवात केली. चार ओळी सरळ गेल्या. पाचवीला बेंजो बोलला, आणि काशीदच्या बायका एकदम हसल्या. कारण तो नवरीच्या आत्याचा आवाज होता, हुबेहूब. आत्यासुद्धा हसली. दुसऱ्या गाण्यात ताल चढला आणि बेंजो त्याच्याबरोबर चढला. जनू कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाला, "रेवसवाल्याला सांगा, आरामात जेव."

मग खरी मजा सुरू झाली. धर्माला टाळ्या मिळाल्या की तो एकच तुकडा लांबवत बसतो, ही त्याची जुनी खोड. तो लांबवू लागला. यमुनाने दोनदा चालू दिलं आणि तिसऱ्यांदा बटण बंद केलं. बेंजोचं तोंड भर वाक्यात मिटलं. धर्माने कनातीकडे रागाने पाहिलं. तिने पुन्हा उघडलं. त्याने पुन्हा लांबवलं. तिने पुन्हा मिटलं. लोकांना कळलं की कनातीमागे कुणीतरी आहे, आणि दोन पोरींनी कनात बाजूला ओढली. मागे पाटीवर यमुना, एका हातात गुलाबी साबणाची डबी, दुसऱ्या हातात अंडं.

धर्मा वाजवायचा थांबला. सगळा मंडप थांबला. तो काय बोलतो याकडे जनूचं लक्ष होतं, माझंही.

"हिला पुढं खुर्ची द्या," धर्मा म्हणाला. "मागून हिला ऐकू येत न्हाय, म्हनून चुकते."

"मी चुकते?" यमुना म्हणाली, आणि खुर्चीची वाट न बघता डबीची वायर ओढत पुढे येऊन उभी राहिली.

त्यानंतर जे वाजलं ते नवरा-बायकोचं भांडण होतं, सबंध पाड्यासमोर, एकही शब्द न बोलता. तो एक बोले, ती मध्येच तोडे. तो आर्जव करे, ती अर्धं उघडून पुटपुटू देई. नवरी हळद लावलेल्या चेहऱ्याने इतकी हसली की तिला पुन्हा हळद लावावी लागली. मामाने भाचीला नाचवलं. सांगायचं राहिलं, की मला त्यातलं निम्मंच ऐकू आलं. आयुष्यभर मी संगीतात फक्त खरखर शोधली, आणि त्या संध्याकाळीही माझा कान अँपमधल्या बारीक घरघरीवरच होता. नाचायला दोनदा बोलावलं, मी गेले नाही. ती घरघर कशाची होती ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि आता वाटतं, नाचायला जायला हवं होतं.

विराजचा सिंथ हळदीचा एक बोटभर डाग घेऊन मुंबईला परत गेला. त्यातला मला लागणारा एकच कप्पा होता, ढोलकी ऐकून दिव्याला व्होल्टेज देणारा. तो मी पावसाळ्यात एका छोट्या सर्किट बोर्डवर स्वतः उतरवला आणि पेडलच्या पोटात बसवला. दुकान बंद करताना बाकी सगळं सामान मी चिठ्ठ्या लावून वाटून टाकलं. ईशान, तुला तीन जागांची पिन आणि रेझिस्टर पाठवते आहे. कसं जोडायचं त्याचं चित्र सोबत आहे. तेल लावू नकोस.

धर्माचा पाय केव्हाच बरा झाला. तो उजव्या पायाने होडी ढकलतो, जिना चढतो, नाचतोसुद्धा. पेडल त्याच्या पायाखाली परत गेलेलं नाही. पार्टीत बेंजोशेजारी आता एक खुर्ची ठेवतात. ती बहुतेक रिकामी असते, कारण यमुना उभी राहते. डबीवरचं बटण मी दोनदा बदललं आहे. बाकी सगळं चालू आहे.